तेरा मिलिमीटरचं खोटं

मी एक प्रोग्राम बोलतोय. अठरा हजार ओळींचा, चांगला धडधाकट, आणि स्वतःचीच शिसारी आलेला. माझं कौतुक ऐकायचं असेल तर ते सरांच्या खोलीत फ्रेम करून टांगलंय, तिकडे जा.

आधी माझं काम सांगतो. आमच्याकडे एक मोठं गोल, पोकळ भांडं आहे. त्यात वायू सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त तापवतात आणि चुंबकांच्या जोरावर, भिंतीला लागू न देता, अधांतरी धरून ठेवतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. मधोमध तो बराचसा ऐकतो. कडेला मात्र त्याच्या अंगात येतं. भोवरे उठतात, गोळे सुटतात, उष्णता निसटते आणि तळाच्या टंगस्टनच्या फरश्यांवर एका पट्ट्यात कोसळते. हा पट्टा किती रुंद, ते आधीच गणित करून सांगायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. पट्टा रुंद असला तर उष्णता वाटली जाते. अरुंद असला तर फरशी वितळते.

मला इथल्या संशोधक बाईंनी लिहिलं. पाच वर्षं खपल्या बिचाऱ्या. बिस्किटं खात लिहायच्या, चुरा कळांच्या फटीत सांडायच्या आणि मला म्हणायच्या, "चल रे बाबा, आज तरी मध्येच मरू नकोस." मी मरायचो. भोवरे फार बारीक झाले की माझे आकडे फुगत जायचे आणि मी मुकाट थांबायचो. आज आठवून बरं वाटतं, तेव्हा मी निदान प्रामाणिकपणे मरत होतो.

मग मोठी बैठक आली. विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, दारातूनच म्हणाले, "परवा चित्र दाखवायचंय. चालव कसंही." बाईंनी माझ्यात एक ओळ घुसडली. जो भोवरा बारीक होईल, तो दाबून सपाट करायचा. शेजारी टीप लिहिली, 'तात्पुरतं, नंतर काढायचं.' मी सुरळीत चाललो. भोवरे मेले, उष्णता भलतीकडेच पसरली, आणि पट्टा आला तेरा मिलिमीटर.

सर खूश. बाई चाचरत म्हणाल्या, "सर, यात थोडी खोटी पसरण आहे."

"अगं, थोडीफार सगळेच घालतात."

झालं. माणसांची ही सवय मला किळसवाणी वाटते. नको असलेला आकडा आला की सात वेळा तपासतात, हवा तो आला की त्याचं कूळसुद्धा विचारत नाहीत. बैठकीत सगळ्यांनी सरांची री ओढली. तेरा मिलिमीटर धरून फरश्यांचा आराखडा पक्का झाला.

फरश्या कापायचं काम मिस्त्रींकडे होतं. एकतीस वर्षं या भांड्याचं पोट सांभाळणारा माणूस. ते आराखडा घेऊन वर आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, या कडा उभ्या ठेवल्यात. तिरक्या तासून घेऊ का? उभी कड आधी जळते."

"गरज नाही, मिस्त्री. उष्णता पसरतेय. वेळ कुठाय आपल्याकडे?"

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं गणित पक्कं ना?"

बाई म्हणाल्या, "हो, काका." मी समोरच्याच पडद्यावर होतो. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

भांडं सुरू झालं आणि सहाव्या दिवशी तळाच्या अकरा फरश्यांच्या कडा मेणासारख्या ओघळल्या. सगळं निवल्यावर मिस्त्री स्वतः आत रांगत गेले. गुडघे दुखत असताना चार दिवस ते वितळलेले थेंब खरवडत होते.

चौकशी समिती बसली. आता सरांनी काय केलं ते ऐका. ते शांतपणे म्हणाले, "कार्यशाळेनं कडा तिरक्या तासायला हव्या होत्या. अनुभवी माणसाला एवढं कळायला हवं." सगळं खापर मिस्त्रींवर. मिस्त्रींनी विचारलं होतं, याला साक्षीदार एकट्या बाई. आणि त्या? मूग गिळून बसल्या. त्यांच्या नोकरीत कायम होण्याच्या कागदावर सरांची सही व्हायची होती. मिस्त्रींना लेखी ठपका मिळाला. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होताहेत, आणि तोवर कुणी तोंड उघडलं नाही तर ठपका तसाच कायमचा राहणार.

त्यानंतर बाईंना चैन पडेना. त्यांनी ती ओळ काढली, माझ्या गणिताची पावलं लहान केली आणि मला अठरा दिवस चालवलं. मी मेलो नाही. भोवरे मोकळे फिरले. पट्टा आला तीन मिलिमीटर. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच मला स्वतःची किळस वाटली नाही.

सरांनी चित्र पाहिलं. "छान. पुढच्या निबंधात घेऊ. जुन्या आकड्याला हात लावायचा नाही."

बाई तो कागद घेऊन कार्यशाळेत गेल्या. मिस्त्री हत्यारं पुसून खोक्यात भरत होते. तिथल्या संगणकावरही मी आहे, म्हणून ऐकलं.

"काका, चूक तुमची नव्हती. हे बघा."

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर ओढून कागद पाहिला. "हे तुम्हाला कधी कळलं, मॅडम?"

"शंका होती... फरश्या कापायच्या आधीपासून."

ते चिडले नाहीत. कागदाची नीट घडी केली आणि बाईंच्या हातात परत दिली. "मग मला कशाला दाखवता? मला ठाऊकच होतं. ज्यांच्यासमोर गप्प बसलात, त्यांना दाखवा."

त्याला आज तीन दिवस झाले. बाईंनी समितीला पत्र लिहिलंय. खरं पत्र आहे, सगळं त्यात आहे. ती ओळ, ते 'हो, काका', सरांचं 'चालव कसंही'. चित्रही जोडलंय. पण रोज सकाळी येतात, उघडतात, एखादा स्वल्पविराम हलवतात आणि बंद करतात. काल 'चूक' खोडून 'त्रुटी' केलं. आज 'त्रुटी' खोडून परत 'चूक' केलं. असल्या चाळवाचाळवीचा मला वीट आलाय.

आज गुरुवार आहे. पत्र आत्ता माझ्या शेजारच्याच खिडकीत उघडं आहे आणि बाईंचं बोट पत्र पाठवायच्या कळीवर आहे. मला अब्जावधी आकडे मोजता येतात, पण ती एक कळ दाबता येत नाही. ती माणसालाच दाबावी लागते.

बाई, खाली मिस्त्रींचं खोकं भरून झालंय. दाबा.