बासष्ट ताऱ्यांची कूस

"बासष्टच्या बासष्ट तारे आपल्याकडे कूस करूनच उभे आहेत का, प्रोफेसर?" व्हर्नाने विचारलं.

प्रोफेसर क्रॉम्बी बटर टार्ट खात होते. खाताना प्रश्न विचारलेले त्यांना आवडत नसत. न खातानाही नसत.

"म्हणजे काय?"

"तारा स्वतःभोवती फिरला की वर्णपटातली रेघ रुंदावते, कबूल. पण ज्याचा ध्रुवच आपल्याकडे आहे, त्याची रेघ बारीक दिसायला हवी ना? बासष्टांत तीन-चार तरी तसे निघतील. मला एकही सापडला नाही. मग सगळी रुंदी फिरण्याचीच कशी? वरचा वायू उसळतोय, वारा होऊन बाहेर उधळतोय, त्याचाही वाटा असेल. आपण लिहिलेले वेग फुगलेत."

"व्हर्ना, तू रेघा मोज. तारे मी बघतो."

मी वेधशाळेच्या ग्रंथालयात कामाला होते आणि तेव्हा कॉफी ओतत होते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस मी कुणाची निंदा करत नाही. आता लेंट संपला आहे, म्हणून सांगते: क्रॉम्बींनी तारे कधीच बघितले नाहीत. टोरांटोहून आल्यापासून अकरा वर्षांत त्यांनी मोजणीयंत्राला एकदाही डोळा लावला नव्हता. व्हर्ना कोवालचुक मात्र सत्तावीस वर्षं त्या यंत्रापाशी बसून काचेच्या पट्ट्यांवरच्या रेघा मोजत होती. सूर्याच्या वीस-तीसपट वजनाचे ते निळे महाकाय तारे, स्वतःचंच अंग वाऱ्यावर उधळणारे, क्रॉम्बींना ठाऊक होते ते तिच्या तक्त्यांतून. बोलायचे मात्र असे, की जणू सगळे त्यांच्याच मांडीवर वाढलेत.

व्हर्नाने तो मुद्दा पानभर लिहून तक्त्याला जोडला. पान परत आलं, वर पेन्सिलीने लिहिलेलं: "टंकलेखनात तेवढं लक्ष घाल."

मे महिन्यात क्रॉम्बींचं व्याख्यान झालं. व्हँकूवरहून आलेले खगोलशास्त्रज्ञ हॅलोरन उठले आणि नेमकं तेच विचारलं: बारीक रेघांचे तारे कुठे गेले?

क्रॉम्बींची पापणी लवली नाही. "छान प्रश्न. मला तो बरेच दिवस छळतोय. बासष्टही तारे आपल्याकडे कूस करून उभे राहिले, असं मानण्याइतका मी भोळा नाही!"

सभागृह हसलं.

"अगं, हे तर तुझं वाक्य!" मी कुजबुजले.

"गप, आयलीन. ऐकू दे. बघू, पुढचं येतंय का त्यांना."

पुढचं येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिच्या टेबलाशी आले. "ते वाऱ्याचं वगैरे जरा नीट लिहून काढ ना. लेखात घालू."

"लेखावर माझं नाव असेल?"

"बघू की."

पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. सत्तावीस वर्षांत तिचं नाव एकाही लेखावर आलं नव्हतं. एकदा यावं, एवढंच तिला हवं होतं. तिने बासष्टही तारे पुन्हा मोजले, फिरण्याची रुंदी वेगळी काढली, उसळीची वेगळी. अकरा पानं झाली. पहिल्या पानावर क्रॉम्बींच्या नावाखाली तिने स्वतःचं नाव टाइप केलं.

ऑगस्टमध्ये छापखान्याकडून लेखाची मुद्रितं, म्हणजे तपासायची प्रुफं, आली. वर एकच नाव होतं. शेवटी बारीक अक्षरांत: "काळजीपूर्वक टंकलेखनाबद्दल श्रीमती व्ही. कोवालचुक यांचे आभार."

व्हर्ना ती पानं घेऊन त्यांच्याकडे गेली. "माझं नाव?"

"आहे की शेवटी! किती जणींना तेवढं तरी मिळतं?"

मुद्रितं तपासणं तिचंच काम होतं. ती माझ्या ग्रंथालयात येऊन बसली. सकाळभर तपासलं. एकेचाळिसाव्या ताऱ्याचा वेग अठ्ठ्याहत्तरऐवजी सत्त्याऐंशी पडला होता.

"राहू दे तसाच," मी म्हटलं. "होऊ दे त्यांची फजिती."

"ताऱ्याने काय केलंय?" तिने आकडा सुधारला.

मग शेवटच्या पानावर आली. आभाराच्या ओळीवरून लाल शाई ओढली आणि समासात ती छोटी वेलांटीसारखी खूण काढली, जी पाहून छापखानेवाले मजकूर गाळतात.

क्रॉम्बींनी नेहमीसारखी न वाचता सही केली. "पोस्टात टाक."

व्हर्नाने पाकिटाला डिंक लावला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या आणि ते वाळेपर्यंत हात न काढता उभी राहिली.