लिंबोणीखालची आयव्ही

"करवत ठेव खाली! बुंध्याला दात लागला तर तुज्या टाळक्यात काठी घालीन, आल्बी!"

कुंपणापलीकडून नोरीन हॉकिंग ओरडली, तेव्हा आल्बी पास्को आपल्या परसातल्या लिंबोणीशी करवत घेऊन बसला होता आणि मी शिडी धरून उभा होतो. शिडीचं तिथं काही काम नव्हतं. पण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या या मॅली मुलखात कुणी काही तोडायला निघालं की शेजाऱ्यानं काहीतरी धरून उभं राहायचं असतं.

"तू मधी पडू नगंस, नोरीन," आल्बी म्हणाला. "रागावलीया ती माज्यावर. तीन हिवाळं झालं, सोसलं. आता न्हाई सोसत."

ती म्हणजे आयव्ही. आल्बीची बायको. तिची राख तिच्याच सांगण्यावरून या झाडाखाली पुरली होती.

आमच्याकडं लाल माती आणि गहू, त्यापलीकडं मेंढ्या. पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो. पण घर तिथं मागच्या दारी लिंबोणी असतेच, आणि आयव्हीचं तर अख्खं घर तिच्यावर चालायचं. तांब्याची किटली मीठ-लिंबानं घासायची. सदऱ्यावर गंजाचा डाग पडला की लिंबू पिळून उन्हात टाकायचा. मासे कापलेला पाट, मुंग्यांची वाट, खिडकीची काच, सगळ्याला लिंबू. केसांवरून शेवटचं पाणी लिंबाचं. एका उन्हाळ्यात चर्चच्या नव्या पाळकालाही तिनं काखेत चोळायला अर्धी फोड दिली. त्या रविवारी प्रवचन फार लवकर आटोपलं.

सांजेला आल्बी ट्रॅक्टरवरून उतरला की धुण्याच्या खोलीतल्या हौदाच्या काठावर साखरेत बुडवलेली अर्धी फोड ठेवलेली असायची. ती चोळली की हातांचं काळं ग्रीस निघायचं. पण त्याआधी एक काम असायचं. आमच्यात घरच्या पुरुषानं दिवस मावळताना लिंबोणीवर लघवीची धार सोडायची असते. झाड त्यावरच पोसतं असं सगळे मानतात. आल्बी विसराळू. आयव्ही मागच्या दारातून हाक मारायची, "आल्बी, लिंबोणी!" मग हा डोक्यावरची टोपी सावरत जायचा.

राख पुरली आणि आल्बीनं ते सोडलं. बायकोच्या अंगावर कसं करायचं? आम्हा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीही त्यानं कुंपणाला पाटी लावली, "इथं नको."

त्यानंतर झाड बिथरलं. बोटाएवढे काटे आले. फळं बेडकाच्या पाठीसारखी, साल जाड, रस कडवट. त्यात दिवस मावळला की मागच्या दारातून हाक यायची, "आल्बी, लिंबोणी!" दार वाऱ्यानं करकरतंय, असं मी त्याला समजावलं. बिजागऱ्यांना तेल घातलं. करकर थांबली. हाक थांबली नाही.

नोरीन कुंपणाच्या तारांतून वाकून आत आली. ती आयव्हीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका सुरीनं लिंबं कापायच्या आणि त्याच सुरीनं गावातल्या बायका. गुडघे टेकून तिनं बुंधा चाचपला.

"आरं मुडद्या, ही आयव्ही न्हाई. ही जंबेरी हाय."

"म्हंजे?"

"जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, खुंटावर कलम बांधलेलं असतंय. ह्यो बघ जोड. त्याच्या खालनं फुटवं निघत्यात, काटेरी. ते ऱ्हायलं की वरचं कलम मरतंय. आयव्ही दर हिवाळ्यात गुडघ्यावर बसून मोडून टाकायची त्यास्नी. तू काय बघत हुतास इतकी वर्सं?"

आल्बीनं जोडावरून अंगठा फिरवला.

"मला वाटायचं, तण काढतीया," तो म्हणाला.

मग आम्ही फुटवे कापू लागलो. काट्यांनी आल्बीचे दोन्ही हात कोपरापर्यंत फाडले, तरी तो थांबेना. मी शिडी धरली होती. जंबेरीची सगळी झाडी पडली तेव्हा मधोमध एक वाळकुडी फांदी दिसली. बारीक, हिरवट, बिनकाट्याची. तिच्यावर एकच लिंबू, पिवळं, तुळतुळीत. आल्बीनं त्याला बोट लावलं, पण तोडलं नाही.

"जगंल का गं?"

"तुज्यावर हाय ते."

"पर मग हाका कशापायी मारतीया?"

"आधी कशापायी मारायची? तू इसरायचास म्हणून. आता तर जायाचंच सोडलंस."

"तिच्या अंगावर, नोरीन?"

"जल्मभर तुजं मळकं कपडं धुतलं तिनं. तिला त्यात नवं काय हाय?"

गव्हाच्या कोठारामागं सूर्य उतरला. गुलाबी काकाकुव्यांचा थवा कलकलाट करत तारांवर बसला आणि एकदम गप्प झाला. मागच्या दाराचा पडदा हललाही नाही.

"आल्बी, लिंबोणी!"

नोरीननं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली म्हणून मला कळलं की तिनंही ऐकलं.

आल्बीनं टोपी काढली. चर्चमध्ये काढावी तशी. आम्ही दोघांनी पाठी वळवल्या.

"आयव्ही," तो म्हणाला, "जरा सरक."

माती पाणी पिऊ लागल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. तीन हिवाळ्यांचं तुंबलेलं असावं. मग तो धुण्याच्या खोलीत हात धुवायला गेला.

दिवा लागला. नळ काही वाजेना. आम्ही दारातून डोकावलो.

हौदाच्या काठावर अर्धी फोड होती. पातळ सालीची, साखरेत बुडवलेली. नोरीननं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. दुपारभर आम्ही तिघंही झाडाशीच होतो आणि घरात जंबेरीशिवाय फळ नव्हतं. मी मागं वळून पाहिलं. फांदीवरचं लिंबू फांदीवरच होतं.

आल्बीनं फोड उचलली आणि रक्ताळलेल्या हातांवर चोळू लागला. झोंबलं तसा तो कळवळला.

"हळू गं," तो म्हणाला.

नोरीन दारात माझ्याजवळ उभी होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.