चालून उतरवलेलं वजन

बोगोताच्या मावशीकडे राहून एदिल्मा आपल्या घरी, बारांकियाला परतली आणि पुढच्या वर्षभरात तिचं अंग निम्मं झालं. तिथे टेकडी चढायची सवय लागली, तळलेलं सोडलं, असं तिने सगळ्यांना सांगितलं. ऑपरेशन करून जठर लहान करून घेतलंय, हे फक्त मावशीला ठाऊक होतं. ‘तोंडाला आवर नाही’ हे जन्मभर ऐकलेल्या बाईला आता ‘सोपी वाट धरली’ हे ऐकायचं नव्हतं.

तिच्या केस कापायच्या दुकानात बायका म्हणायच्या, "जिद्द असावी तर अशी." एदिल्मा मान खाली घालायची. बायकांना तो विनय वाटायचा.

तिची चुलतबहीण नूरिस तिच्याहून जाड. शेजारच्याच दारात मक्याच्या पुऱ्या तळून विकायची. एकदा तिने विचारलं, "ताई, तू नेमकं काय खायचीस गं?"

एदिल्माने सुचेल ते सांगितलं. सकाळी पपई, दुपारी उकडलेला मासा, संध्याकाळी नदीपर्यंत चालायचं. नूरिसने ते सगळं मनावर घेतलं. वजन थोडं उतरायचं, पुन्हा चढायचं. गुडघे सुजले.

"माझ्यातच खोट आहे," ती एक दिवस म्हणाली. "तुला जमलं ना."

तेव्हा बोलता आलं असतं. एदिल्मा म्हणाली, "पाणी जास्त पीत जा."

मार्चच्या उन्हात, उपाशीपोटी तळता तळता नूरिसला भोवळ आली. कढई कलंडली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला.

इस्पितळात पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरीणबाई तिच्या खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, "तुमची साखर वाढलीय, गुडघे गेलेत. एवढं वजन नुसतं उपास करून उतरत नाही. यात तुमचा दोष नाही. ऑपरेशनचा विचार करा. नंतरही जपावं लागतं, जन्मभर गोळ्या असतात, पण बऱ्याच जणांना गुण येतो."

"पोट कापून घेणं आळशांचं काम," नूरिस म्हणाली. "ही बघा माझी बहीण. चालून उतरवलंय हिने."

डॉक्टरीणबाईंनी एदिल्माकडे पाहिलं. एदिल्माने ब्लाउज वर केला. पोटावर बारीक व्रण होते.

"मी चालले नाही, नूरिस."

नूरिसने ते व्रण पाहिले. "आणि मी कढईपाशी उभी राहून पपई खात होते," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही सगळे हसाल."

"मी? मी हसले असते तुला?"

एदिल्माने ब्लाउज खाली ओढला.

पुढच्या वर्षी नूरिसने ऑपरेशन करून घेतलं. सोबत नवऱ्याला नेलं, एदिल्माला विचारलंही नाही. परतल्यावर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बिनधास्त सांगायची, "कापून घेतलं बाई, नाहीतर मेले असते." एदिल्माचं मात्र तिने कुणाजवळ नाव काढलं नाही.

एके दिवशी खुर्चीतली बाई आरशात बघत म्हणाली, "नूरिसचं ऐकलंस ना? तुझी जिद्द तिच्यात कुठली असायला."

एदिल्माची कात्री थांबली.

"मीही कापूनच घेतलंय," ती म्हणाली. "तिच्या आधी."

आरशातल्या बाईने नजर वळवली. म्हणाली, "मागून अजून थोडे आखूड कर."

एदिल्माने मान खाली घातली आणि केस कापू लागली.