दुमडलेली फीत

गल्लीतली पोरं त्यांना बिल्लेकाका म्हणायची. कारण काय, तर त्यांच्या घरात कपाटभर पदकं होती. सैनिकांची, परिचारिकांची, आगीचे बंब हाकणाऱ्यांची, आणि एक तर चक्क पोस्टमनचं. सरकारी दप्तरखान्यात तीस वर्षं कारकुनी करून माणूस धुळीला कंटाळतो. बिल्लेकाकांना उलट तिची गोडी लागली. कोणतंही पदक हातात द्या, ते कुणाला, कधी आणि कशाबद्दल मिळालं हे शोधून काढेपर्यंत त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

आता खरं सांगायचं तर यातलं अर्धं काम त्यांच्या थोरल्या बहिणीचं. ताई बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर भावाकडे आली ती आलीच. पदकं पुसणं, उसवलेल्या फिती शिवणं, प्रत्येकाची चिठ्ठी मोत्यासारख्या अक्षरात लिहिणं, हे सगळं तिचं. बिल्लेकाकांचं पदकांवरचं पुस्तक निघालं त्याची कच्ची प्रतसुद्धा तिच्याच हातची. पुस्तकावर नाव मात्र एकट्या बिल्लेकाकांचं. आणि पाहुणा दारात दिसला की ताई मधलं दार लोटून आत. नवरा गेलेल्या बाईने चार माणसांत पुढे पुढे करू नये, असं त्या घरात कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. पाळत मात्र सगळे होते. ताईसुद्धा.

त्या सोमवारीही तसंच झालं. चौकातले वकील सकाळी दहाला आले आणि ताई चहाचे कप ठेवून आत गेली.

वकिलांनी मखमली डबी उघडून टेबलावर ठेवली. "आमच्या आजोबांचं शौर्यपदक. बावन्न वर्षांपूर्वी नदीत होडी उलटली होती. आजोबांनी नऊ जणांना बाहेर काढलं. नववा मी. तीन वर्षांचा होतो. पुरावा म्हणाल तर तुमच्यासमोर चहा पितोय."

"आणि होडीतले बाकीचे?" बिल्लेकाकांनी विचारलं.

"बरेच गेले. धाकटे काकाही गेले त्यात." वकिलांनी कप खाली ठेवला. "येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहाला आजोबांचं नाव देतोय. पदक तिथे काचेच्या पेटीत राहील. तुम्ही तपासून दोन परिच्छेद लिहा आणि समारंभात वाचा. तुमच्या शब्दाला वजन आहे. आणि हो, आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या भावाची लढाईवरची दोन पदकं पडून आहेत. ती तुमच्याकडेच शोभतील."

बिल्लेकाकांच्या कपाटात चौथ्या कप्प्यात एक जागा अकरा वर्षं रिकामी होती. त्या दोनांतलं एक पदक नेमकं तिथलं निघालं तर? त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. लपवण्यात काय अर्थ आहे, सुटलंच.

उठता उठता वकील म्हणाले, "रविवारी जरा गडबड आहे आमच्याकडे. काकूंना वृद्धाश्रमात पोचवायचंय. धाकट्या काकांची बायको हो. इतकी वर्षं मागच्या खोलीत असते बिचारी. पण आता घरात मोठमोठे पाहुणे येणार, ती खोली लागते. समारंभ सुरू झाला की साडेचारला वाचनालयाच्या मागच्या फाटकाशी गाडी येईल. स्वयंपाकाला ती तिथेच मदतीला असेल, परस्पर जाईल."

हे सगळं त्यांनी छत्री कुठे ठेवली ते विचारावं इतक्या सहज सांगितलं.

वकील गेले तशी ताई बाहेर आली. तिने पदक उचललं, भिंग लावलं, कड फिरवून पाहिली. "नाव नाही. नुसता क्रमांक आहे, दोनशे चौदा." मग तिने फीत बोटात धरली. "हे बघ. चार बोटं फितीत भागलं असतं. ही पाठीमागे चार पदरी दुमडून शिवलीय."

"कुणीतरी अडाण्याने शिवली असेल."

"अडाणी हात नाही हा. टाके बघ किती बारीक." ताईने सुईने टाका उसवला आणि घडी उलगडली. दीड वीत फीत निघाली. आतला निळा रंग कालच्यासारखा होता. त्यावर तिरप्या सुरकुत्या होत्या आणि मधोमध सुईची जुनी भोकं. "ही आधी फुलासारखी बांधलेली होती. मग कुणीतरी इस्त्री फिरवून सपाट केलीय. फूल बांधलेली फीत कुणाला देतात?"

हे बिल्लेकाकांनी स्वतःच्या पुस्तकात सातव्या पानावर लिहिलं होतं. पुरुषाला सरळ फीत, बाईला फूल.

"मला आधीच शंका आली होती," ते म्हणाले.

"हो का," ताई म्हणाली आणि सुई डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या कचेरीत गेले. कोणती वही कोणत्या फळीवर, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. क्रमांक दोनशे चौदा. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. पदक मिळालं होतं त्या घरच्या धाकट्या सुनेला. वय एकोणीस. पुराच्या पाण्यात नऊ वेळा उडी घेऊन नऊ जीव वाचवले, त्यात पाच मुलं. शेवटचा, नववा जीव तिच्या दिराचं मूल, वय वर्षं तीन. 'पती याच अपघातात मृत. पदक सासऱ्यांनी स्वीकारले.' खाली सासऱ्यांची झोकदार सही होती.

रविवारी साडेचारला गाडीत बसून जाणार होती ती हीच बाई.

ते बुधवारी वकिलांच्या घरी गेले ते मागच्या दाराने. काकू ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. काटक, पांढऱ्या केसांच्या, मनगटं अजून दणकट. बिल्लेकाकांनी खिशातून डबी काढली आणि उलगडलेली फीत त्यांच्यासमोर धरली. काकूंनी हात पदराला पुसले, पण फीत घेतली नाही.

"कापायला सांगितली होती मामंजींनी," त्या हळूच म्हणाल्या. "मला कापवेना. म्हणून आत दुमडली."

"म्हणजे तुम्ही स्वतः?"

"मलाच दिली ना इस्त्री करायला. म्हणाले, हे फूल पाहून लोक विचारतात. घरातल्या विधवेचं नाव गावभर व्हायला नको."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

काकूंनी एक भेंडी मोडली, किडकी निघाली ती बाजूला टाकली. "बोलायला तोंड कुठे होतं? सासूबाई म्हणाल्या, नऊ जणांना ओढलंस, माझ्या लेकाला तेवढं सोडलंस. आता तुम्हाला सांगते. मी ह्यांनाच शोधत होते हो. हाताला लागेल त्याला काठावर ठेवायचं आणि परत आत जायचं. नऊ वेळा गेले. दहाव्यांदा जायला अंगात बळच उरलं नाही. हे नाही लागले हाताला." त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. "त्या नऊ जणांना मी काही वाचवायला गेले नव्हते. मग पदक माझं म्हणायचं तरी कसं, असंही वाटायचं."

बिल्लेकाका ओट्याच्या कडेला टेकले. शेवटी ते म्हणाले, "रविवारी वहीतलं जसंच्या तसं वाचलं तर चालेल?"

"बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारलं," काकू म्हणाल्या. "खरं असेल ते वाचा. मी नाही म्हणणार नाही."

एवढ्यात वकील दारात आले. डबी पाहिली, फीत पाहिली आणि बिल्लेकाकांना दंडाला धरून पुढच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर पदकाची चौकट काढलेल्या जागी पांढरा चौकोन होता, शेजारी आजोबांची तसबीर. बिल्लेकाकांनी वहीतली नोंद सांगितली. नवव्या जिवाची ओळ तेवढी गाळली.

"हे पाहा," वकील आवाज दाबून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्रिका वाटून झाल्यात. बायकांचं कर्तृत्व ते शेवटी घराचंच. घराचा कर्ता आजोबा, म्हणून पदक आजोबांचं. कुणाचं काय नुकसान झालं? काकूंना तरी काय करायचंय या वयात?"

"पण ते खोटं आहे."

"मग नका वाचू. आजारी पडा. ट्रंकेतली पदकं उद्या घरी पाठवतो."

घरी आल्यावर बिल्लेकाकांनी ताईला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी विचार करतोय, रविवारी जाऊच नये. हात दाखवून अवलक्षण कशाला? दुसऱ्याच्या घरात आपण कोण बोलणार?"

ताई फिती लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे. तू कोणत्या तोंडाने बोलणार?"

"म्हणजे?"

"त्या सासऱ्याने एका बाईचं पदक आपल्या नावावर केलं. तू माझं पुस्तक केलंस. त्याने तिला मागच्या खोलीत ठेवलं. मी कुठे असते पाहुणे आले की?" तिने गाठ मारून दोरा तोडला. "तू वाईट नाहीस रे. तोही नसेल. तुमच्यापैकी कुणी वाईट नसतं."

बिल्लेकाका खुर्चीत बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला भिंग लागलं होतं; स्वतःच्यातलं मुसळ बारा वर्षं दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी रडावंसं वाटेल इतकी. गुरुवारी ट्रंकेतली पदकं आली. त्यातलं एक खरंच चौथ्या कप्प्यातलं होतं. बिल्लेकाकांनी ते दोन मिनिटं हातात धरलं आणि दोन्ही पदकं आल्या पावली परत पाठवली.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. बिल्लेकाका आले ते ताईला घेऊन, आणि तिला पहिल्या रांगेत बसवून मगच मंचावर चढले. ताई बारा वर्षांत पहिल्यांदा समारंभाला आली होती. पदर सारखा सावरत होती. वकिलांनी बिल्लेकाकांकडे पाहिलं आणि नको अशा अर्थी बारीक मान हलवली. आजोबांच्या तसबिरीला हार होता. भाषणं झाली. चार वाजून वीस मिनिटांनी पत्रिकेत छापलेलं बिल्लेकाकांचं नाव पुकारलं गेलं.

खिडकीतून मागचं फाटक दिसत होतं. गाडी आली होती. मागच्या सीटवर काकू गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि गाडीवाला विडी संपवत होता. बिल्लेकाकांनी कागदाची घडी उघडली.

त्यांनी परिच्छेद वाचला नाही. वहीतली नोंद वाचली. क्रमांक, वय, नऊ उड्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली. वकील उठले, मंचाकडे दोन पावलं आले. "वेळ झाली आहे, आपण पुढच्या—"

"एक ओळ राहिली आहे," बिल्लेकाका म्हणाले. "वकीलसाहेब, ती त्या दिवशी मी तुम्हाला सांगितली नाही. धीर झाला नाही. नववा जीव तुम्ही. तुम्हाला आजोबांनी नाही काढलं. काकूंनी काढलं. त्या नवऱ्याला शोधत होत्या आणि हाताला तुम्ही लागलात. मग त्यांच्या अंगात दहाव्यांदा जायचं बळ उरलं नाही." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "त्या तिकडे गाडीत बसल्या आहेत. गाडी तुम्हीच बोलावलेली."

वकील होते तिथेच उभे राहिले. मग ते वळले आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

काकू आत आल्या त्या स्वयंपाकाच्या कळकट लुगड्यातच. लोक आपोआप बाजूला झाले. ताईने पुढे होऊन सोबत आणलेली डबी त्यांच्या हातात दिली. काकूंनी खुर्चीत बसून फीत काढली, मांडीवर सरळ केली, एक घडी डावीकडे घातली, एक उजवीकडे, मधे चिमूट धरून दोरा फिरवला. बोटांना सगळं आठवत होतं. फूल झालं. ते त्यांनी लावलं नाही, नुसतं तळहातावर धरून पाहिलं.

"झालं ना?" मग त्या म्हणाल्या. "आता निघू का? गाडीवाला खोळंबलाय."

वकील त्यांच्यामागे गाठोडं छातीशी धरून उभे होते. पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे लाल झालेले.

"काकू," ते कसेबसे म्हणाले, "गाडी परत पाठवली. हे कुठे ठेवू? तुमच्या खोलीत?"

काकूंनी पुतण्याच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. "मागच्या नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या खोलीत ठेव. पदक होतं त्या भिंतीशी."

बिल्लेकाकांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आहे. त्यावर दोन नावं आहेत आणि पहिलं ताईचं आहे. पाहुणे आले की मधलं दार उघडं असतं. चौथ्या कप्प्यातली जागा अजून रिकामी आहे, आणि तिच्याकडे पाहून त्यांना आता हळहळ वाटत नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात भिंतीवर एखादं पदक असेल, मानपत्र असेल, कुणा कर्त्या पुरुषाची हार घातलेली तसबीर असेल. आज हे वाचून झालं की ते खाली उतरवा आणि पाठीमागून बघा. आणि त्या वेळी स्वयंपाकघरात जी बाई असेल, तिला बाहेर बोलावून विचारा, हे खरं कुणाचं?