रोज एक कोळंबी

मंसूरना नाशिकच्या दवाखान्यात नेलं, त्या सकाळीही त्यांनी मला आधी काचेच्या टाकीपुढे उभं केलं. छातीत कळा येतायत आणि सांगतायत काय, तर बानो, लाइट गेली की पंप बॅटरीवर टाक, आणि तू इथेच थांब. तीस वर्षं जव्हारात फ्रिज दुरुस्त केले या माणसाने, आणि हौस कसली, तर खाऱ्या पाण्याच्या टाकीची! टाकीत मासा एकच, मुंबईहून आणलेला फ्रॉगफिश. धड पोहत नाही, दिसायला पिवळं गाठोडं. दगडावर बसून कपाळावरची बारीक काडी हलवायची आणि कुणी फसून जवळ येईल म्हणून वाट बघायची, एवढाच त्याचा उद्योग. ह्यांनी नाव ठेवलं नवाब.

ते नाशिकला गेल्यापासून नवाबाने तोंड उघडलं नव्हतं. चिमट्यात कोळंबी धरून मी त्याच्यापुढे नाचवायची, तो ढिम्म.

तिकडे ह्यांच्याजवळ माझा दीर बासित होता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तीन शिरा बंद आहेत, ऑपरेशन जोखमीचं आहे. आम्ही दोघांनी ठरवलं, ह्यांना एकच सांगायची. आधीच घाबरट माणूस, धास्तीनेच जायचा. फोनवर माझं काम एकच, सगळं छान चाललंय म्हणायचं.

“नवाबाने खाल्लं का?” ते अधूनमधून विचारायचे.

“खाल्लं की! गट्टकन.”

असे नऊ दिवस गेले. माझ्याच घशाखाली घास उतरेना. ऑपरेशनच्या तोंडावर हा मेला, तर ह्यांना सांगू काय? दर दहा मिनिटांनी काचेला नाक लावून श्वास चालू आहे का बघायची. शेजारची सकू म्हणाली, “त्येला जित्ता मासा दे ना. ती मासेवाली रुपी आणते पोशेऱ्याहून, नदीचा.” पण गोड्या पाण्याचा मासा त्याला बाधतो, एवढं मला ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला.

“नवाबाने खाल्लं?”

“हो. रोजच खातो.”

“रोज?” त्यांचा आवाज चढला. “तीन-चार दिवसांतून एकदा द्यायचं, सांगून आलो होतो ना! अगं, फुटून मरेल तो!”

त्या सकाळच्या गडबडीत ते मी ऐकलंच नव्हतं. त्यांना धाप लागली. मागून बासित “भाईजान, आराम से, आराम से” करत होता. ह्यांना जपायला म्हणून बोलले आणि मीच ह्यांना घालवते की काय!

“नाही खाल्लं!” मी ओरडले. “एकदाही नाही! उपाशी आहे मेला! तुम्हाला घोर नको म्हणून खोटं बोलले.”

जरा वेळाने धाप कमी झाली. मग ते चक्क हसले. “वेडी कुठली! नऊ दिवसांनी त्याला काही होत नाही. भूक लागली की खाईल.”

मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. डोळे पुसते आहे, तोच त्यांनी विचारलं, “आणि शीर खरंच एकच आहे का गं?”

बासितला फोन द्या म्हणावंसं वाटलं. पण आत्ताच खोटं कबूल केलं होतं, त्याच तोंडाने पुन्हा कसं बोलायचं?

“तीन आहेत,” मी म्हटलं.



“टाकीकडे सकूला बघायला सांग,” ते म्हणाले. “मिळेल ती एसटी पकड. तू ये.”