तीन बोटं उजवीकडं

छऱ्याच्या बंदुका जुळवणारा बजाजनगरात साहेबराव एकटाच. त्यामुळं तो तिथला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट कारागीर एकाच वेळी होता. कंपनीत वीस वर्षं स्प्रिंगा तपासून त्याचा कान असा तयार झाला होता की नुसता बार ऐकून सांगायचा, "वॉशर गेलंय." त्याच्या हाताखालून गेलेली बंदूक 'टण्ण' करत नसे, 'थप्' करायची, गादीवर उशी पडावी तशी. मग दस्त्याच्या खालच्या अंगाला तो बारीक 'सा' कोरायचा. म्हणजे ही बंदूक खोटं बोलणार नाही.

शुक्रवारी सोनाजी आला. जत्रांमधून फुगे फोडायचं दुकान लावणारा. सोबत लेक शीला. रविवारी तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती, आणि त्यासाठी क्लबनं तिला दिलेली जुनी रायफल साहेबरावानं आठवडाभर खपून जुळवली होती. वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून मारलेले पाचही छर्रे निशाणाच्या मधोमध, मिऱ्याएवढ्या एकाच भोकात गेले होते.

"मार पोरी," म्हणत साहेबरावानं रायफल शीलाच्या हाती दिली.

शीलानं पाच मारले. निशाणाचा कागद कोरा. उजवीकडच्या कॅलेंडरात मात्र एकच भोक, मिऱ्याएवढं. रविवार गेला होता. चाचणीचाच.

"नेम पक्का हाय," साहेबराव म्हणाला, "फक्त गाव चुकलं."

पुन्हा पाच. तेच भोक. रविवारला आणखी इजा व्हावी असं आता काही उरलं नव्हतं. शीलाचे डोळे भरून आले.

"तिचं नाय चुकत, दादा," सोनाजी खाली बघत म्हणाला. "बारा वर्षांमागं मी दुकानाची बंदूक घेऊन आलतो. म्हणलो, जरा वाकडी करून द्या."

"खोटी बंदूक माझ्या हातून व्हायची नाय, म्हणलो होतो."

"मग मीच केली. लिंबाच्या बेचक्यात नळी घातली अन् दाबली. गिऱ्हाइकाचा छर्रा डावीकडं जावा म्हून. ही पाच वर्षांची असल्यापासून तिच्यावरच शिकली."

"सगळ्याच बंदुका डावीकडं मारत नसतात?" शीलानं विचारलं.



उजवीकडं नेम धरायची डोळ्याची इतक्या वर्षांची सवय दोन दिवसांत जात नाही, हे साहेबरावाला कळत होतं. त्यानं शीलाच्या हातून रायफल घेतली. मग म्हणाला, "दुकानाची बंदूक आण."

खोटी बंदूक पहिल्यांदाच त्याच्या वाइसमध्ये चढली. तिचं खोटं त्यानं मोजलं. फुग्यांच्या पाच मीटरला दीड बोट, म्हणजे चाचणीच्या दहाला तीन. प्रत्येक बाराला तेवढंच. खोटं बोलण्यात ती मोठी इमानी होती. तेवढंच खोटं आता रायफलीला शिकवायचं होतं. नेम धरायच्या मागच्या साईटचा स्क्रू पुरेना, म्हणून त्यानं कोल्ड्रिंकच्या डब्याची पत्री कापून साईटखाली सरकवली. छर्रा चार बोटं गेला. पत्री घासली. अडीच. नवी कापली. सातव्या पत्रीला वाइसमधून बरोब्बर तीन बोटं डावीकडं, आणि शीलाच्या हातून मधोमध.

दस्त्यावरचा 'सा' घासून टाकायला त्यानं कानस उचलली. थोडा वेळ धरली, आणि ठेवून दिली.

कॅलेंडरात नसलेला रविवार तरीही उजाडला. मैदानावर पंचांनी रायफल डोळ्याला लावली. "साईट वाकडी आहे. दुसरी रायफल देऊ का, बाळ?"

"नको सर. बंदूक बरोबर हाय," शीला म्हणाली, "मीच वाकडी हाय."

पंचांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि बाजूला झाले.

सोनाजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. साहेबरावानं डोळे मिटले. थप्. थप्. शेवटचा बार ऐकूनच त्यानं श्वास सोडला. निशाणाचा कागद तारेवरून जवळ आला. मधोमध एकच भोक, जरा फाटलेलं.

"आपलीच शीला व्हय?" पंचांनी निवड झालेल्यांत नाव पुकारल्यावर सोनाजीनं विचारलं.

"तीच."

सोनाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं. "दादा, दुकानाची सरळ करून द्या."

"सगळे फुगे फुटतील, सोनाजी."

"फुटू द्या."