बदली

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझी बायको इंदू आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या कारखान्यात कामाला लागली. कारखाना पुठ्ठ्याचा होता, चार घड्यांचा. आमच्या सुनेनं, केतकीनं, तो पुण्याहून आणला होता.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला पाच लाकडी कामगार मिळतात. आपली पाळी आली की एक उचलायचा आणि भट्टी, साचेखाना, गोदाम अशा एखाद्या चौकोनात ठेवायचा. एका चौकोनात एकच माणूस. शेवटी भोंगा होतो, सगळे परत हातात येतात आणि मालाचे गुण ज्याचे जास्त तो जिंकतो. मी तेहतीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरले, मला कोण शिकवणार? पण पोरगी वस्ताद निघाली. तिच्याकडं बिडाच्या पंपांचा ढीग झाला आणि माझे पाचही गडी खर्ची पडले. तपासणी खातं तेवढं मोकळं होतं, आणि तिथून पास झालेल्या मालाला दुप्पट गुण. तिथं एक माणूस मिळाला असता तर डाव माझा होता.

इंदू बाजूला कोथिंबीर निवडत बसली होती. तिला म्हटलं, जरा उभी राहतेस का, या डावापुरती? ती पदराला हात पुसत उठली, खुर्चीवर चढली, खुर्चीवरून टेबलावर, आणि चालता चालता लहान होत गेली. तपासणी खात्यात पोचली तेव्हा माझ्या करंगळीएवढी होती. केतकीनं नियमांचं पुस्तक चाळलं आणि घरचं माणूस धरलं तर चालतंय, असं सांगितलं.

मी जिंकलो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

भोंगा झाला, लाकडी गडी परत आले. इंदू आली नाही. तपासणी खात्याच्या चौकोनाला भिंती आणि खिडकी आली होती. मी वाकून खिडकीला डोळा लावला. आत टेबल, खुर्ची, पंखा, सगळी सोय होती. समोर पंप आला की ती त्याला टिचकी मारायची, बाजारात नारळ वाजवून घेते तशी, आणि मान हलवायची. मी म्हटलं, चल, सुटी झाली. तिनं वर न बघता सांगितलं की ती डबल पाळी करणार आहे. मला वाटलं, हौस आहे, संध्याकाळपर्यंत फिटेल.

सोमवारी पुठ्ठा पसरत टेबलाखाली उतरला. मंगळवारी आमची झोपायची खोली गोदाम झाली. आत एक माणूस आधीच होता, त्यामुळं मला जाता येईना. बुधवारी न्हाणीघरावर साचेखान्याची पाटी लागली. मी फ्रिज आणि चपलांचा स्टँड यांच्या मधे राहू लागलो. तक्रार करावी असं काही नव्हतं, केतकी वेळेवर ताट आणून द्यायची. पण चार वाजता चहा ओतताना मी दोन कप भरायचो आणि मग दुसऱ्याकडं बघत बसायचो. मला इंदू पाहिजे होती. बाकी कारखान्यानं सगळं घर घेतलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या फौंड्रीत एक रीत होती. बदली कामगार सकाळी फाटकाशी येऊन उभे राहायचे. कायमच्या माणसानं खाडा केला, की त्याच्या जागी बदलीला आत घ्यायचे. इंदूनं एक खाडा करावा, मी तिच्या जागी बसावं, तिनं घरी जाऊन आराम करावा, असा माझा हिशेब. गुरुवारी मी घरातल्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फाटक माझ्या गुडघ्याला लागत होतं. शुक्रवारी कमरेला. शनिवारी मला मान वर करून बघावं लागलं.

लाकडी वॉचमननं विचारलं, "कुणाच्या जागी?"

"इंदुमती चौगुले."

त्यानं मस्टर उघडलं. "बाईंचा खाडा नाही. एक्केचाळीस वर्षांत एकही नाही."

"ती गेल्या रविवारी लागलीय."

"मागची सर्व्हिस धरलीय," तो म्हणाला आणि मस्टर मिटलं.

आमच्या लग्नाला यंदा एक्केचाळीस वर्षं झाली.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. इंदूनं मी जेवलो का ते विचारलं. मी जेवलो म्हटलं, आणि ती कधी येणार ते विचारलं.

"मला इथं बरं वाटतंय हो," ती म्हणाली. "मी मान हलवल्याशिवाय माल बाहेर जात नाही."

तिचा चेहरा असा फुललेला मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. आधी राग आला. मग कुठं गेला कळलं नाही, आणि मलाच हसू फुटलं. ती येत नाही तर आपण जावं. माझ्या तळहातावरच्या रेषा सरळ झाल्या होत्या, सागवानाच्या फळीवर असतात तशा, आणि शर्ट, पँट, कातडी सगळी माझ्या लाकडी गड्यांसारखी एकाच लाल रंगाची.

वरून केतकीचा हात आला. तिनं मला मानेला धरून अलगद उचललं.

"मामा, दोनच चौकोन मोकळे आहेत," तिचा आवाज चारी बाजूंनी आला. "कोळसा आणि भंगार. तुम्हाला कुठं ठेवू?"

कोळशाला गुण जास्त होते. भंगाराला एकही नव्हता, पण त्याच्या कुंपणावरून तपासणी खात्याची खिडकी समोर दिसते.

"भंगारात ठेव," मी म्हटलं.

केतकीनं मला त्या बाजूला नेलं आणि मधेच, खिडकीच्या अगदी समोर, तिचा हात थांबला. आत इंदूनं माझ्याकडं बघितलं, उठली, आणि आपली खुर्ची एक माणूस मावेल एवढी बाजूला सरकवली.